स्टेपनीचा भार

‘स्टेपनी’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याचे परकेपण आता जाणवतही नाही. वेल्समधील लानेली या गावी स्टेपनी नावाचा रस्ता आहे. मोटारींना जादा चाक देण्याची पद्धत जेव्हा नव्हती, तेव्हा १९०४ च्या सुमारास तिथल्या डेव्हिस बंधूंनी पंक्चर झालेल्या चाकाला वरून जखडता येईल असे बिनआऱ्यांचे चाक तयार केले. रस्त्याचे नाव चाकाला मिळाले. पुढे ते चाक कालबाह्य झाले, इंग्रजांच्या बोलण्यातून तो शब्दही जवळजवळ गेला. आपल्याकडे मात्र तो टिकला आणि त्याला नवे, फारसे सभ्य नसलेले अर्थही फुटले. विवाहबाह्य संबंधातील स्त्रीला तो कुत्सितपणे लावला जातो. आणि प्राध्यापक-कक्षात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला थट्टेने लावला जातो. या दुसऱ्या अर्थाने मी गेली कित्येक वर्षे स्टेपनी आहे.

म्हणून असेल, पण जुन्या बोलेरोच्या मागच्या दारावरील स्टेपनीचा सांगाडा उतरवून दुरुस्त करण्याचे काम निघाले तेव्हा मी गॅरेजमध्ये दिवसभर थांबलो. नाशिककराला ही गाडी परकी नाही. सातपूरच्या कारखान्यामुळे तिच्या सुट्या भागांची नावे इथे घरोघर ठाऊक असतात. दार उघडले की खाली झुकायचे आणि लावताना उचलून आपटावे लागायचे. दोष कुलपाचा असावा असे वाटत होते. मिस्त्रींनी चाकाला हात लावून ते नुसते हलवले आणि म्हणाले, “कुलूप बरोबर आहे, सर. धरणारा दमलाय.”

या गाड्यांचे मागचे दार एका बाजूच्या बिजागऱ्यांवर उघडते. चाक गाडीखाली न टांगता दारावर लावले की ते चिखलापासून वाचते आणि वेळेला पटकन हाती येते. पण वीसेक किलोंचा तो भार बिजागऱ्यांपासून दूर लटकत राहतो. प्रत्येक खड्ड्यात चाक हिसका देते. तो हिसका आधी सांगाड्याला, मग दाराच्या पत्र्याला आणि शेवटी बिजागऱ्यांना बसतो. त्र्यंबकच्या बाजूचा पाऊस चाकामागे साचून राहतो, तो वेगळाच.

गंजलेल्या बोल्टांवर तेल सोडून बराच वेळ वाट पाहावी लागली. एक तर शेवटी कापूनच काढला. सांगाडा सुटून आल्यावर वेल्डिंगच्या सांध्यापाशी केसाएवढी चीर दिसली. वरच्या काळ्या रंगाखाली ती झाकली गेली होती. तारेच्या ब्रशने गंज खरवडला, चीर घासून पुन्हा वेल्डिंग केले, रेड ऑक्साइडचा हात दिला, त्यावर काळा रंग. बिजागऱ्यांच्या झिजलेल्या पिना आणि दाराला टेकणारी रबरी गट्टूही बदलली.

मग चाकाची पाळी आली. टायर अगदी नवा दिसत होता. साच्यातून निघताना राहिलेले रबराचे बारीक केसही त्यावर शाबूत होते. मिस्त्रींनी त्याच्या कडेवरचे चार आकडे दाखवले : १२१३. म्हणजे २०१३ सालचा बारावा आठवडा. बोटाने दाबताच कडेला बारीक भेगा उघडल्या. न धावताच तो टायर बाद झाला होता. टायर किती धावला हे त्यावर लिहिलेले नसते, तो कधी बनला एवढेच असते. आमच्या मानधनाचा हिशेब नेमका उलटा : घेतलेले तास मोजले जातात, गेलेली वर्षे मोजली जात नाहीत. सुट्टीत तास नाहीत, म्हणून मानधन नाही. जूनमध्ये पुन्हा नवा अर्ज, नवी मुलाखत. पण रबर सुट्टीतही कडक होतच असते.

राखीव ठेवलेल्या माणसाची झीज होत नाही, हा समज आपल्याकडे जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार सकाळी दारात उभा राहायचा, कुणी गैरहजर असेल तरच आत जायचा. ज्या दिवशी काम मिळाले नाही, त्या दिवशी तो थकला नाही असे कोण म्हणेल?

२०२० साली सरकारने नियम बदलला : ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचे साहित्य असलेल्या प्रवासी मोटारींना जादा चाकाची सक्ती उरली नाही. स्टेपनीच नको, हा एक उपाय झाला; महाविद्यालयांतून विषयच बंद करण्याचा उपायही काहीसा तसाच. मिस्त्रींचा उपाय निराळा होता. नवा टायर चढवून ते म्हणाले, “आता याला नुसता टांगून ठेवू नका. पाचही चाकं पाळीपाळीनं फिरवा. सगळी सारखी झिजतील.” या सूचनेत दयेचा भाग नव्हता. चार चाकांचे आयुष्यही त्याने वाढते, एवढेच त्यांना सांगायचे होते.