डेटाशीटमध्ये न मावणारी गळती

‘कुठला अँप्लिफायर घालू?’ असं विचारलं, की सोलापुरातला हा उपकरणं जुळवणारा कारागीर उलट विचारतो, ‘सेन्सर कुठला?’ पोरं मात्र त्याआधीच एडी६२० मागवून बसलेली असतात. लोडसेलसाठी त्याची हरकत नाही. ३५० ओहमच्या ब्रिजला तो अँप्लिफायर उत्तम. पण टॉवेलच्या डाइंगमधल्या लॅबसाठी पीएच मीटर करायचं म्हटलं, की तो कपाळाला हात लावतो.

काचेच्या इलेक्ट्रोडचा रोध सहज १०० मेगाओहम. एडी६२०चा बायस करंट साधारण अर्धा नॅनोअँपिअर. करा गुणाकार : ५० मिलिव्होल्ट. २५ अंशांना एका पीएचमागे ५९ मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे चूक जवळजवळ ०.८५ पीएचची. रिअ‍ॅक्टिव्ह रंग साडेदहा-अकरा पीएचला धाग्यावर पक्का होतो. तिथे एवढा फरक म्हणजे शेड गेलीच. बरं, बफरमध्ये कॅलिब्रेट केलं की ही चूक दडते. उन्हाळ्यात दुपारी पारा चाळिशीपार जातो, काचेचा रोध झपाट्याने उतरतो आणि सकाळचं कॅलिब्रेशन खोटं पडतं.

हाताखाली शिकायला आलेल्या पोराने आयएनए११६ सुचवला. बायस करंट साधारण ३ फेम्टोअँपिअर, शिवाय इनपुटांच्या शेजारी गार्डच्या पिना. पोराच्या मते प्रश्न सुटला.

कारागिराच्या मते आता कुठे सुरू झाला. बोर्डावर फ्लक्सचा चिकट थर राहिला, त्यावर यंत्रमागाची रुई बसली, पावसाळी हवेत ती ओलावली आणि ५ व्होल्टच्या ट्रॅकपासून इनपुटपर्यंतचा रोध १०० गिगाओहमवर आला, तरी ५० पिकोअँपिअर गळतात. आयसीच्या स्वतःच्या करंटच्या पंधरा हजार पटींहून जास्त! मग महागडी आयसी घेऊन मिळवलं काय? म्हणून तो इनपुटची पिन पकडीने वर वाकवतो, बोर्डाला लागूच देत नाही. बीएनसीच्या मधल्या टोकापासून टेफ्लॉनची तार हवेतूनच तिच्यापर्यंत आणतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळं धुतो आणि पुन्हा बोट लावू देत नाही.

झाकण उघडून हे काम आल्यागेल्याला दाखवायची त्याला भारी हौस. बाजारातली मीटरं खोलून नावं ठेवायचीही. ती बरी चालतात, हे तो फक्त पोराजवळ मान्य करतो. हल्ली त्याचा हात थरथरतो. पिन पोरगाच वाकवतो, तीही जास्त सफाईने. हे त्याला रुचत नाही.

परवा पोराने गार्ड रिंग आखलेला बोर्ड पुढे ठेवला. ‘सर, आता हवेतली तार कशाला?’ त्याने भिंग लावून पाहिलं. रिंगवरचा हिरवा मास्कसुद्धा पोराने आठवणीने काढला होता. खोट काढायला जागा नव्हती. ‘जुलैत लावून बघू बे,’ एवढंच तो म्हणाला.