पंगतीनंतरची सकाळ : आरे कॉलनी

गोरेगावजवळ पश्चिम द्रुतगती महामार्ग सोडून आरेच्या रस्त्याला वळले की हवाच बदलते. दोन्ही बाजूंनी झुकलेली जुनी झाडे, मधूनच गोठ्यांचा ओलसर वास, पाड्यांकडून येणारी कोंबड्याची बांग. कागदोपत्री या रस्त्याचे नाव दिनकरराव देसाई मार्ग. लोकांच्या तोंडी मात्र तो आरे रोडच. दिवसा पवई-मरोळकडे धावणाऱ्या वाहनांनी तो भरून जातो, सकाळच्या पहिल्या प्रहरी मात्र तो पायी चालणाऱ्यांचा असतो. मालाड, गोरेगाव, अंधेरी येथील व्यापारी कुटुंबांतील स्त्री-पुरुषही त्यांत असतात. कोणाला मधुमेहाने येथे पाठविलेले असते, कोणाला दुखऱ्या गुडघ्यांनी, तर कोणाला दिवसभर गादीवर बसून वाढलेल्या पोटाने.

वजन उतरविण्याच्या या निश्चयाला आपल्याकडे वर्षभर परीक्षा असते. पर्युषण आणि दसलक्षणाची पारणी झाली की साधर्मिक वात्सल्याची जेवणे येतात. त्यापाठोपाठ दिवाळीचा फराळ आणि लग्नसराई. आग्रहाला मान देऊन चार घास जास्त जातात. दुसऱ्या दिवशी वजनकाटा दीड किलो अधिक दाखवितो, मन खट्टू होते आणि ‘आता सगळेच बिघडले’ असे म्हणत बूट कोपऱ्यात पडतात. चार दिवसांचे चार महिने होतात. खरी हानी पंगतीत होत नाही. ती पंगतीनंतरच्या सकाळी होते.

व्यापाऱ्याने या गोष्टीकडे व्यापाऱ्याच्याच नजरेने पाहावे. शरीरात एक किलो चरबी साठण्यास साधारण ७,७०० कॅलरी गरजेपेक्षा जास्त जाव्या लागतात. एखाद्या मेजवानीत नेहमीपेक्षा १,५०० कॅलरी अधिक गेल्या असे धरले, तरी चरबीची वाढ फार तर २०० ग्रॅमच्या आसपास भरते. काट्यावर दिसणारे बाकीचे वजन मुख्यतः पाण्याचे आणि अजून न पचलेल्या अन्नाचे. फरसाण-लोणच्यातील मीठ पाणी धरून ठेवते. पिष्टमय आणि गोड पदार्थांपासून यकृतात व स्नायूंत होणारा साखरेचा साठाही आपल्यासोबत पाणी बाळगतो. नेहमीचे जेवण सुरू झाले की हे पाणी काही दिवसांत आपोआप उतरते.

हिशेबाची दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सत्तर किलो वजनाची व्यक्ती आरेच्या रस्त्यावर पाच किलोमीटर चालली, तर तिच्या सुमारे २५० ते ३०० कॅलरी खर्च होतात. म्हणजे त्या एका मेजवानीची भरपाई एका फेरीत होत नाही. तिला पाच-सहा दिवस लागतात. मग दुसऱ्या दिवशी चालायला यायचे कशासाठी? घडी मोडू नये यासाठी. एका दिवसाच्या तोट्याने कोणी दुकानाला कुलूप लावत नाही. सकाळी नेहमीच्या वेळी शटर वर जाते, म्हणूनच पेढी टिकते.

मन मात्र इतके हिशेबी नसते. १९७५ साली अमेरिकेत पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला, नंतर चव सांगण्याच्या निमित्ताने आइस्क्रीम पुढे ठेवले. ज्या एरवी खाण्याचे बंधन पाळत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. ज्या कडक बंधन पाळीत होत्या, त्यांनी मात्र उलट अधिक खाल्ले. नेम एकदा मोडला, तर आता कशाला आवरायचे, अशी ही मनाची चाल आहे. निश्चय जितका ताठर, तितका तो एका घासाने तुटण्याचा धोका अधिक.

याच आरेच्या मातीत या ताठरपणावरचे उत्तर सापडते. शहरातील गोठे बाहेर हलवून मुंबईला स्वच्छ दूध मिळावे यासाठी १९४९ मध्ये ही वसाहत उभी राहिली. सुमारे १,२८७ हेक्टर जमीन, ३२ गोठे आणि सोळा हजारांच्या आसपास जनावरे असा तिचा पसारा. तिच्या उभारणीमागे दारा खुरोडी हे दुग्धव्यवसायातील नामवंत अधिकारी होते. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासह मिळाला. टोन्ड दुधाचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. म्हशीच्या दुधात साधारण सात टक्के स्निग्धांश असतो. त्यात स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून तो तीन टक्क्यांवर आणला, की तेच दूध अधिक घरांत पोहोचते आणि परवडतेही. दूध बंद करण्याची गरज पडली नाही; प्रमाण बदलले, एवढेच.

जैन परंपरेला ही रीत परकी नाही. बाह्य तपाच्या सहा प्रकारांत अनशनानंतर लगेच ऊनोदरी येते. दिगंबर परंपरेत तिलाच अवमौदर्य म्हणतात. भूक असते त्यापेक्षा थोडे कमी जेवून उठणे, इतका तिचा साधा अर्थ. काल जास्त जेवलो म्हणून आज उपवास करण्याचा मोह आपल्या समाजात विशेष होतो, कारण उपवास आपल्या अंगवळणी पडलेला आहे. परंतु तप हे कर्मनिर्जरेसाठी असते. वजनकाट्याचा दंड भरण्यासाठी केलेल्या उपाशीपणाला तपाचे नाव देऊ नये. शिवाय दिवसभर पोट रिकामे ठेवले की संध्याकाळी पुन्हा अनावर खाणे होते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने तर वैद्यकीय सल्ल्याशिवाय जेवण टाळूच नये. रक्तातील साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते.

मग दुसऱ्या दिवशी करावे तरी काय? नेहमीच्या वेळी उठावे, पाणी प्यावे आणि नेहमीइतकेच चालावे. दुप्पट चालून गुडघे दुखवू नयेत. नेहमीच्या वेळी वरण-भाकरी, मुगाची उसळ, दुधी किंवा तोंडल्याची भाजी असे साधे जेवण घ्यावे आणि दोन घास कमी असतानाच उठावे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम असेल तर तो तसाच ठेवावा. रात्रीच्या चरण्याला तोच लगाम आहे. तीन-चार दिवस वजन करू नये, पुढे आठवड्यातून एकाच ठरलेल्या वारी करावे. उरलेली मिठाई डब्यात लपविण्यापेक्षा वाटून टाकावी. घरच्यांनीही टोमणे आवरावेत आणि पुढच्या पंगतीत आग्रह. ‘घ्या ना, एकाने काय होते’ हे वाक्य प्रेमाचे असले, तरी समोरच्याच्या तब्येतीला ते जड जाते.

आरेत यायचे तर नीट उजाडल्यावर, सोबतीने यावे आणि मुख्य रस्ता सोडू नये. या परिसरात बिबट्यांचा वावर आहे. ऑक्टोबर २०२४ पासून मेट्रो तीनचे आरे स्थानकही जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या बाजूला सुरू झाले आहे. भाद्रपदातील पावसाने येथील टेकड्या हिरव्या होतात आणि छोटा काश्मीरच्या तळ्याला वेगळीच कळा येते. काल ताटात काय होते, हे येथे कोणी विचारत नाही. महिन्याभराने परतलेल्यालाही सोबतचे लोक ‘जय जिनेंद्र’ म्हणून पावले जुळवून घेतात, आणि चालणे पुढे सुरू होते.