चोचीतली अळी

माघ सरता सरता पालमच्या वाऱ्याला कडब्याचा वास येतो. रब्बीची ज्वारी काढून झालेली असते, लोह्याच्या रस्त्याने कडब्याच्या गाड्या जाऊ लागतात आणि वाटेत सांडलेली एखादी पात चोचीत धरून चिमण्या घरोघर जागा शोधत फिरतात. आमच्या पूर्वेच्या भिंतीवर, सज्ज्याच्या सावलीत, एक लाकडी पेटी लावली आहे. चिमणी तिच्या भोकाशी टेकते, मान वळवून दोन्हीकडे पाहते आणि आत शिरते. पक्षी पाहणाऱ्या माणसाला एरवी इथंच थांबावं लागतं. अंडी किती, ती कोण उबवतं, रात्री आत काय चालतं, हे सगळं भोकापलीकडच्या अंधारात राहून जातं. आता पेटीच्या झाकणाला आतून सुपारीएवढा कॅमेरा बसवला आहे, आणि तो अंधार आमच्या ओसरीवरच्या पडद्यावर उजळला आहे.

तालुक्यात गोदावरीच्या पात्रात जांभूळबेट आहे. तिथले मोर पाहायला लोक वाट वाकडी करून येतात. चिमणी पाहायला कुणी येत नाही. धान्य निवडताना ती पायाशीच असते. रोजच्या जिवाकडे आपली नजर थांबत नाही, आणि वर्षानुवर्षं नजर थांबली नाही की त्या जिवाला काय लागतं याचाही विसर पडतो.

मराठवाड्यातल्या जुन्या घरात चिमणीची सोय बांधकामातच होऊन जाई. जाड दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर किलचणं आणि त्यांवर पांढऱ्या मातीचं माळवद. तुळई भिंतीत शिरते तिथं फट राही. देवळीच्या वर, तसबिरीच्या मागे जागा असे. ती कुणी चिमणीसाठी म्हणून सोडलेली नव्हती, पण कुणी बुजवतही नव्हतं. मग ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती आणि अशीच जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. माळवदाखाली झोपायची धास्ती साऱ्या मराठवाड्याच्या मनात बसली. पत्रे आले, मग सिमेंटचा स्लॅब आला. तो यायलाच हवा होता; लेकरं निर्धास्त झोपावीत याहून मोठं काही नाही. पण गिलावा केलेल्या गुळगुळीत भिंतीत चिमणीला शिरायला जागा उरली नाही. यात दोष कुणाचाच नाही, आणि उणीव भरून काढायला चार फळ्या पुरतात.

अशी पेटी कुठलाही सुतार करून देतो. भोक ३२ मिलिमीटरचं ठेवायचं, म्हणजे चिमणी शिरते आणि साळुंकी बाहेर राहते. भोकाखाली दांडी लावायची नाही. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र टेकायला मिळते. मांजराची उडी पोचणार नाही अशी भिंत निवडायची. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, म्हणून पेटी लाकडाचीच हवी, पश्चिमेच्या उन्हापासून दूर हवी, आणि वरच्या कडेला हवा खेळायला छिद्रं हवीत. कॅमेरा बसवायचा तो हिवाळ्यात, घरट्याची लगबग सुरू होण्याआधी. पहिली काडी आत गेली की पेटीला हात लावायचा नाही. रात्री हा कॅमेरा इन्फ्रारेड प्रकाशात पाहतो. तो प्रकाश चिमणीला दिसत नाही, त्यामुळे तिची रात्र अंधारीच राहते. मूळचे नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांची नेचर फॉरएव्हर सोसायटी यांनी अशा पेट्यांचा प्रसार केला. २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस २०१०पासून पाळला जातो तोही त्यांच्याच पुढाकाराने.

पेटीत आधी येतो नर. गळ्याखाली काळा डाग, अंगात मोठा उत्साह. भोकाशी बसून तो तासन्‌तास ओरडत राहतो. मादी येते, आत जाऊन कोपरे पाहते, निघून जाते. पुन्हा येते. मग कामाला सुरुवात होते. कडब्याची पात, वाळलं गवत, सुतळीचे धागे, कोंबडीचं पीस. छातीने दाबून, गोल फिरून ती मधोमध एक वाटोळी जागा तयार करते. एका सकाळी तिच्या चोचीत कडुलिंबाचं हिरवंगार पान होतं. सासूबाई पडद्यासमोर बसून तूर निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, आम्हीबी कणगीत ज्वारी भरताना लिंबाचाच पाला घालत होतो. हिला कुणी शिकवलं?" कोलकात्यातल्या चिमण्या घरट्यात लिंबाची ताजी पानं आणतात, अशी नोंद अभ्यासकांनी १९८१मध्ये प्रसिद्ध केली आहे, या पानांमुळे घरट्यातले उपद्रवी किडे दूर राहत असावेत असं त्यांचं म्हणणं. सासूबाईंच्या कणगीला आणि चिमणीच्या घरट्याला एकच झाड राखत होतं, हे आमच्या ओसरीवर त्या दिवशी कळलं.

मग अंडी आली. पांढुरकी, करड्या-तपकिरी ठिपक्यांची, रोज पहाटे एक. दिवसा नरही थोडा वेळ अंड्यांवर बसतो, पण उबवायला पोटावरची पिसं झडून उघडी पडलेली कातडी लागते, आणि ती मादीलाच असते. रात्र सगळी तिचीच. करड्या पडद्यावर ती पिसं फुगवून बसलेली दिसते. मधेच उठते, चोचीने अंडी फिरवते, पुन्हा बसते. सासूबाई झोपायला जाताना एकदा पाहून जातात. "रातभर एकटीच बसती का गं?" एवढंच विचारतात. ज्या बाईने लाईट नसलेल्या घरात पाच लेकरं वाढवली तिच्या त्या प्रश्नात पक्षिशास्त्राहून अधिक काहीतरी असतं. शेजारची लेकरं शाळेतून थेट ओसरीवर येतात. "काकू, कवा फुटतेत अंडी?" अकरा ते चौदा दिवस लागतात, असं मी सांगते आणि ती बोटं मोजत बसतात. पिल्लू बाहेर येतं ते उघडंवाघडं, गुलाबी, मिटल्या डोळ्यांचं. अंगावर लव नाही. नजरेत भरते ती फक्त पिवळ्या कडांची मोठी चोच, आणि भोकाशी सावली पडली की ती उघडते.

आत डोकावण्याची ओढ जुनीच आहे. सालिम अली दहा-अकरा वर्षांचे असताना, १९०६-०७च्या सुमारास, त्यांनी तबेल्यातलं चिमणीचं एक घरटं लक्ष देऊन पाहिलं होतं. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर. त्यांनी तो नर छऱ्याच्या बंदुकीने टिपला. लगेच दुसरा नर त्या खिळ्यावर येऊन बसला. सात दिवसांत असे आठ नर त्यांनी मारले आणि दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला. ही नोंद त्यांनी त्या वयात लिहून ठेवली, आणि हाच मुलगा पुढे भारतीय पक्षिशास्त्राचा आधारस्तंभ झाला. त्या काळी पक्ष्याची माहिती बंदुकीच्या वाटेनेच येत असे. १९५०च्या दशकात जर्मनीच्या हाइन्झ सिलमान यांनी सुतारपक्ष्याच्या ढोलीला मागच्या बाजूने काच बसवून आतलं जग चित्रित केलं, तेव्हा लोकांनी प्रथमच ढोलीतला संसार पाहिला. आज पालमसारख्या तालुक्याच्या गावात, कुणाचाही जीव न घेता, एका घरट्यातला सबंध जन्म पाहता येतो. बंदुकीपासून काचेपर्यंत आणि काचेपासून या लहानशा भिंगापर्यंत माणसाची नजर सौम्य होत आली आहे. विज्ञानाच्या प्रगतीतला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

पण कॅमेऱ्याने मला दाखवलेली खरी गोष्ट निराळीच होती. चिमणी दाणे टिपते म्हणून तिला दाण्यांचा पक्षी समजायची सवय आपल्याला आहे. ज्वारी राखायला माळ्यावर बसून गोफण फिरवणाऱ्या माणसांनी तिला तसंच ओळखलं. पडद्यावर मात्र दिसतं की पहिल्या दिवसांत पिलांच्या चोचीत दाणा जवळजवळ जातच नाही. आई-बाप आणतात ते अळ्या, नाकतोडे, कोळी, मावा. मऊ, रसरशीत, पचायला हलकं. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत दोघांच्या फेऱ्या थांबत नाहीत. परत जाताना पिलांच्या विष्ठेची पांढरी पिशवी चोचीत धरून बाहेर नेतात. दाणा सुरू होतो तो पुढे, पिसं फुटू लागल्यावर. पेटी नसली तर चिमणी दुसरी फट शोधेल, पण अळी नसली तर तिचं पिल्लू भरल्या धान्याच्या गावात उपाशी मरेल.

पावसाळ्यातल्या दुसऱ्या विणीच्या वेळी चोचीत एक हिरवी अळी आली, पाठीची कमान करून चालणारी. धाकटे भावजी शेतावरून नुकतेच आले होते. पाहताक्षणी म्हणाले, "वहिनी, ही तर उंटअळी. सोयाबीनवरची. हिच्यापायीच तर पंप पाठीवर घेतो मी." आम्ही दोघंही गप्प झालो. ज्या अळीवर त्यांचा खर्च होतो तीच अळी या पेटीत उचलून आणली जात होती. मी विचारलं, न फवारता चालणार नाही का? ते म्हणाले, "फवारल्याशिवाय हाती काय लागणार, वहिनी? पीक गेलं तर वर्ष जातं." त्यांचं म्हणणं खोटं नाही. ज्वारीचं क्षेत्र घटत गेलं आणि सोयाबीन पसरलं ते पैशाच्या गरजेपोटी. कर्ज अंगावर असलेल्या माणसाला पाखरासाठी पीक सोडा असं सांगण्याचा अधिकार मला नाही.

तरीही पीक आणि पाखरू यांच्यात वैर असायलाच हवं असं नाही. आपल्याच परभणीत १९७२पासून कृषी विद्यापीठ आहे, आज ते वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखलं जातं. किडीच्या एकात्मिक व्यवस्थापनात कृषी शास्त्रज्ञ जे सांगतात त्यात चिमणीला जागा आहे. अळी दिसली की लगेच फवारू नका, नुकसानीची पातळी ओलांडली तरच फवारा. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क वापरा. शेतात पक्षीथांबे लावा, म्हणजे पाखरं त्यांवर बसून अळ्या वेचतील. हरभऱ्यात मधे मधे ज्वारी पेरली तर तिची ताटं हेच काम करतात. पुढच्या हंगामात भावजींनी शेतात काठ्या रोवल्या. सगळी फवारणी थांबली नाही, पण पहिली फवारणी निंबोळी अर्काची झाली. एका घरट्याच्या पडद्याने एवढं केलं, हे मला पुरेसं मोठं वाटतं.

पाहताना दुःखही वाट्याला येतं. चार पिलांतलं एक मागे पडलं. उंच मान करणाऱ्यालाच घास मिळतो, आणि त्याची मान उंच होत नव्हती. लेकरांनी हट्ट धरला, "काकू, पेटी उघडा, त्याला आपण चारू." सासूबाईंनीच त्यांना थांबवलं, "हात लावायचा न्हाई बाळांनो. त्यांचं घर हाय ते." ते पिल्लू गेलं. उरलेली तीन पंधराव्या दिवसाच्या सुमारास एकामागोमाग भोकातून बाहेर पडली आणि लिंबाच्या फांदीवर जाऊन बसली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना त्रास देणं शिकारीतच धरलं आहे. पण कायद्याच्याही आधी हे समजायला हवं की आपल्याला दिसतं म्हणून ते आपलं होत नाही. पाहण्याचा हक्क हस्तक्षेप न करण्याच्या शब्दावरच मिळालेला असतो.

चिमणी संपत चालली म्हणून गळा काढण्याचं कारण नाही. देशभरच्या पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२०च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालात ती मोठ्या शहरांत घटलेली, पण देशभर एकंदरीत स्थिर असल्याचं दिसलं. म्हणजे गावं तिला अजून सांभाळत आहेत. पालमसारखी गावं शहरांच्या वाटेने निघाली आहेत, म्हणून आत्ताच हे सांगायला हवं. घर बांधत असाल तर सज्ज्याखाली एक भोक ठेवून घ्या, गवंड्याला त्यासाठी वेगळी मजुरी द्यावी लागत नाही. बांधलं असेल तर माघाच्या आत पूर्वेच्या भिंतीवर पेटी लावा. जमलं तर कॅमेरा बसवा आणि गल्लीतल्या लेकरांना दार उघडं ठेवा. अंगणातलं लिंबाचं झाड राखा, उन्हाळ्यात सावलीत पाण्याचं मातीचं भांडं ठेवा. शेत असेल तर बांधाला चार ओळी ज्वारीच्या पेरा आणि पंप उचलण्याआधी पाखरांना दोन दिवस द्या. पेटी लावणं सोपं आहे, म्हणून तिथंच थांबायचा मोह होतो. पण पेटीतली पिलं शेतावर जगतात, आणि ते शेत आपल्या हातात आहे.