आमच्या वाडीतला मेक्सिको

आमच्या वर्गात जगाचा मोठा नकाशा आहे. एक दिवस गुरुजी म्हणाले, "प्रत्येकाने एकेक देश निवडा आणि त्याची गंमतीची माहिती सांगा." कोणी अमेरिका घेतली, कोणी इंग्लंड. माझी पाळी आली तेव्हा मी गप्पच उभी राहिले. आमच्या घरी पुस्तके नाहीत. बाबा शाळेत गेले नाहीत. ते घोलवडकडे चिकूच्या वाडीत कामाला जातात. मग मला परदेशाची माहिती कोण सांगणार? मला फार वाईट वाटले.

संध्याकाळी बाबा घरी आले. हाताला चिकूचा चीक लागला होता. तो पाण्याने निघत नाही, तेल चोळावे लागते. मी तेल दिले आणि सहज विचारले, "बाबा, चिकू आपल्याकडचाच ना?"

बाबा म्हणाले, "वाडीत हाय, पण आपल्या जंगलात कधी चिकूचं झाड पायलंस? नाय ना? मंग बाहेरूनच आला असंल. गुरुजींना इचार."

दुसऱ्या दिवशी मी विचारले. गुरुजी म्हणाले, "तुझ्या बाबांनी बरोबर ओळखले!" त्यांनी कपाटातून पुस्तक काढून दिले. मला माझा देश मिळाला. मेक्सिको!

चिकू मूळचा मेक्सिको आणि त्याच्या शेजारच्या ग्वाटेमाला, बेलीझ या देशांच्या जंगलातला. स्पॅनिश लोकांनी तो जहाजातून फिलिपाईन्सला नेला. पुढे तो आशियात पसरला. मला वाटायचे, चीक असतो म्हणून चिकू. पण नावही तिकडचेच आहे. तिकडे या फळाला 'चिकोझापोटे' म्हणतात. तिथले कामगार दोराने झाडावर चढतात, खोडावर तिरक्या खाचा पाडतात आणि गळणारा चीक गोळा करून उकळतात. त्याचा डिंक होतो. सुमारे 1870 नंतर अमेरिकेत त्याचेच च्युइंगगम करू लागले. आता बहुतेक च्युइंगगम कारखान्यातल्या दुसऱ्या पदार्थांचे असते. ग्वाटेमालात तिकाल येथे माया लोकांची जुनी देवळे आहेत. त्यांच्या दारांवरच्या तुळया चिकूच्या लाकडाच्या आहेत. त्या बाराशे वर्षांहून जुन्या आहेत!

आणखी एक गंमत. आपल्याकडे सकाळी साडेदहा वाजतात, तेव्हा मेक्सिको शहरात आदल्या रात्रीचे अकरा वाजलेले असतात. आपल्या चटणीतली मिरचीसुद्धा तिकडूनच आली. आणि तिकडून आलेला चिकू इथे असा रुजला की 2016 साली 'डहाणू घोलवड चिकू' याला भौगोलिक मानांकन मिळाले.

माझ्या मैत्रिणीने जपान घेतला होता. तिने सांगितले की आपल्या डहाणू तालुक्यातल्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे यांनी जपानमधल्या मिथिला संग्रहालयात वारली चित्रे काढली. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. 2018 साली ते वारले. म्हणजे काही गोष्टी जगातून आपल्याकडे आल्या, तशा काही आपल्याकडून जगात गेल्या.

पालकसभेला बाबा शाळेत आले. मी नकाशावर मेक्सिको दाखवला. त्यांनी त्यावर बोट ठेवले आणि दुसरे बोट डहाणूवर. "एवढ्या लांबून आला?" म्हणाले. मग गुरुजींनी त्यांनाच बोलायला सांगितले. बाबा आधी लाजले. नंतर म्हणाले, "चिकूला नखानं जरा खरवडायचं. आत हिरवं दिसलं तर फळ कच्चं, तोडू नये. कच्च्याला चीकपण जास्त गळतो."

हे गुरुजींच्या पुस्तकात नव्हते. सगळ्या मुलांनी वहीत लिहून घेतले. मीही लिहिले.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी