अंकांचे रंग

अंकांना रंग असतात असं कुणी म्हटलं की माझं उत्तर ठरलेलं असे : लहानपणीच्या अंकलिपीतली चित्रं डोक्यात बसली असतील, दुसरं काय! गणित शिकवण्यात माझा जन्म गेला. अंकाला किंमत असते, स्थान असतं; रंग कुठला? सिनेस्थेशियाबद्दल, म्हणजे एका संवेदनेबरोबर दुसरी आपोआप जागी होण्याबद्दल, वाचलं तेव्हाही ही हळव्या माणसांची कल्पनाशक्ती आहे, एवढंच मी मानलं.

हे मत पहिल्यांदा हललं ते व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांच्या २००१ सालच्या प्रयोगानं. काळ्या शाईतल्या इंग्रजी पाचांच्या गर्दीत काही दोनचे आकडे असे पेरायचे की त्यांतून त्रिकोणासारखा एखादा आकार व्हावा. सरळ रेघांनी काढलेले हे दोन अंक एकमेकांची आरशातली रूपं असतात, म्हणून तुम्हाआम्हाला एकेक अंक निरखावा लागतो. ज्यांना अंक रंगीत दिसतात, त्यांनी तो आकार इतरांपेक्षा सरस ओळखला. नुसत्या कल्पनेनं हे कसं साधेल? पुढे २०१० मध्ये जेमी वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी मोठ्या गटावर हेच करून पाहिलं. आकार आपोआप डोळ्यांत भरतो असं काही दिसलं नाही, पण सरसपणा टिकला. दाव्याला अशी कात्री लागल्यावर माझा विश्वास उलट वाढला.

मला खरं हलवलं ते मात्र माईक डिक्सन आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या प्रयोगानं. एका स्त्रीला 'पाच अधिक दोन' दाखवलं आणि लगेच एक रंगीत ठिपका. ठिपक्याचा रंग तिच्या सातच्या रंगाशी जुळत नसला, की तो सांगायला तिला जास्त वेळ लागे. सात कुठेही लिहिलेला नव्हता! बेरीज मनातच झाली आणि रंग घेऊन आली. म्हणजे निदान तिच्या बाबतीत तरी रंग आकृतीला नव्हे, संख्येला चिकटला होता. इतकी वर्षं मी मुलांच्या फक्त उत्तरांकडे पाहिलं. उत्तर मनात कुठल्या रूपात येतं, हे कुणालाच विचारलं नाही.

जुन्या मतातलं थोडं मी अजून सोडलेलं नाही. २०१५ मध्ये साडेसहा हजारांहून अधिक अमेरिकन सिनेस्थेटांचे अक्षररंग तपासले, तेव्हा सुमारे ६ टक्क्यांचे रंग एका लोकप्रिय चुंबकी अक्षरसंचाशी जुळले. रंग खेळण्यातून येऊ शकतो. पण ती अक्षरं असंख्य मुलांनी हाताळली. आयुष्यभर तो रंग दिसत राहिला तो थोड्यांनाच.

सिनेस्थेशिया हा आजार नाही, त्यावर उपचार लागत नाहीत. तेव्हा घरातलं किंवा वर्गातलं एखादं मूल 'आठ जांभळा आहे' म्हणालं, तर त्याला हसू नका. नऊ कसा दिसतो, तेही विचारा.