तळहातावरचा फोड

सायकल घ्यायची म्हटलं की आपण केवढे प्रश्न विचारतो! गिअर किती, फ्रेम ॲल्युमिनियमची की स्टीलची, डिस्क ब्रेक आहेत का, वजन किती... जणू सायकल नाही, रॉकेट विकत घेतोय. आणि ग्लोव्हज घ्यायची वेळ आली की मात्र दुकानदाराला आपला एकच प्रश्न असतो, "काळ्या रंगात आहेत का?"

तर मंडळी, या लेखाचा विषय आहे सायकलिंगचे बिनबोटांचे ग्लोव्हज. खरं तर त्यांना अगदी बिनबोटांचे म्हणता येत नाही, बोटं अर्धी असतात. मराठी विभागासाठी लिहायचं म्हणून आधी 'हातमोजे' असं लिहून पाहिलं. पण मी पडले कॉन्व्हेंटची. हातमोजे म्हटलं की मला आजीने विणलेले लोकरीचेच आठवतात. तेव्हा संपादकांची माफी मागून मी आपलं ग्लोव्हजच म्हणते.

बहुतेकांना वाटतं की ही फॅशनची वस्तू आहे. हेल्मेट समजू शकतो, पण ग्लोव्हज म्हणजे नखरे! फार तर फोड येऊ नयेत म्हणून, नाहीतर पडलो तर हात सोलवटू नयेत म्हणून. ही दोन्ही कारणं खरीच आहेत. पडताना माणूस आपोआप हात पुढे टाकतो आणि डांबरी रस्त्यावर तळहात घासला की पुढचे आठ दिवस जेवताना, लिहिताना, केस विंचरताना त्याची आठवण येत राहते. ग्लोव्हज कातडी वाचवतात. हाड वाचवत नाहीत, हेही सांगून ठेवते. मनगटावर जोरात पडलात तर कितीही भारी ग्लोव्हज असले तरी एक्सरे काढावाच लागतो.

पण तिसरं एक कारण आहे आणि ते मला दिवे घाटात कळलं.

आम्ही चौघी रविवारी पहाटे सायकल काढतो. कोंढव्यावरून बोपदेव घाट चढायचा, सासवडला मिसळ खायची आणि दिवे घाट उतरून हडपसरमार्गे परत. साधारण साठ किलोमीटर. त्या रविवारी सासवड सोडल्यावर माझ्या उजव्या हाताच्या करंगळीला मुंग्या यायला लागल्या. मग तिच्या शेजारच्या बोटाला. घाट उतरायला लागलो तेव्हा दोन्ही बोटं हँडलवर आहेत हे डोळ्यांना दिसत होतं, पण हाताला कळत नव्हतं. ब्रेकची दोन बोटं शाबूत होती, पण मुठीतला जोरच गेला होता. मागे मालाने भरलेला ट्रक, समोर वळण, डावीकडे खाली मस्तानी तलाव... एरवी हा देखावा बघायला आम्ही मुद्दाम थांबतो. त्या दिवशी मी थांबले ती हात झटकायला. पाच मिनिटांनी बोटं परत आली, पण दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सोल्डरिंग करताना सर्किट बोर्ड धरलेला हात ठीक आणि सोल्डरिंग गन धरलेला हात ढिला, असा प्रकार झाला. मग मात्र मी घाबरले. आपलं सगळं शिक्षण शेवटी या दहा बोटांतूनच बाहेर पडायचंय ना!

ओळखीतल्या एक ताई फिजिओथेरपिस्ट आहेत. त्यांनी माझा तळहात उलटा केला आणि करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या थोडं वर, जिथे तळव्याचा उंचवटा असतो तिथे अंगठ्याने दाबलं. लगेच झिणझिण्या! म्हणाल्या, "कोपर कुठे आपटलं की झिणझिण्या येतात ना, तीच ही नस. अल्नर नर्व्ह. कोपरावरून येते आणि इथे दोन छोट्या हाडांमधल्या बोळातून तळहातात शिरते." त्या बोळाचं नाव आहे गुयाँचा कॅनॉल. फेलिक्स गुयाँ नावाच्या फ्रेंच सर्जनने १८६१ साली त्याचं वर्णन केलं होतं. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची अर्धी बाजू, एवढ्या भागाला याच नसेमुळे स्पर्श कळतो, आणि पंजाचे बरेचसे बारीक स्नायूही तीच हलवते. सायकलवर पुढे झुकलं की शरीराचं वजन नेमकं या बोळावर येतं, वर रस्त्याचे धक्के आहेतच. हा त्रास जगभरच्या सायकलवाल्यांना इतका होतो की डॉक्टर लोक त्याला 'हँडलबार पाल्सी' असंच म्हणतात. अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटं बधिर झाली तर ती नस वेगळी, मीडियन नर्व्ह. ती तळव्याच्या मधून जाते. म्हणजे कोणतं बोट बधिर होतंय त्यावरून दाब कुठे पडतोय ते ओळखता येतं. आपल्या भाषेत सांगायचं तर फॉल्ट फाइंडिंग!

आता इंजिनीअरिंगच्या पोरांना पुढचं सांगायला नको. प्रेशर म्हणजे फोर्स भागिले एरिया. वजन तेवढंच राहणार, मग एरिया वाढवा. नटाखाली आपण वॉशर कशाला घालतो? ग्लोव्हजची गादी म्हणजे हाताचा वॉशर आहे. जास्त काही नाही.

हे कळल्यावर वाटलं, मग काय, सगळ्यात जाड गादीचे ग्लोव्हज घेऊन टाकू. मैत्रिणीच्या दादाचे तसे होते, चांगले उशीसारखे. रविवारी घालून पाहिले तर मुंग्या दहा किलोमीटर आधीच हजर! कारण विचार केल्यावर सापडलं. जेल फार मऊ आणि फार जाड असलं की वजनाखाली ते बाजूला सरकतं, जिथे हवं तिथून निघून जातं आणि जिथे नको तिथे त्याचा गोळा होतो. शिवाय हँडलची जाडी वाढल्यासारखी होते, मूठ पुरती मिटत नाही, मग आपण नकळत जास्त आवळून धरतो. लहान हाताला तर हे फारच जाणवतं. म्हणजे गादी किती यापेक्षा गादी कुठे हा प्रश्न मोठा. नसेच्या दोन्ही बाजूंना गादी आणि बरोबर नसेवर थोडी खोलगट जागा, अशी रचना चांगल्या ग्लोव्हजमध्ये दिसते. फोम असेल तर तो दाबून सोडल्यावर लगेच फुगून वर यायला हवा.

या तयारीनिशी मी पेठेतल्या दुकानात गेले. "काका, ग्लोव्हज दाखवा ना. स्मॉल साइज." काकांनी आधी गुलाबी काढले. मी म्हटलं, रंग नको, माप बघू. काका म्हणाले, "ताई, मीडियम घ्या, वापरून बसतील." आता ग्लोव्हज वापरून सैल होतात हे खरं आहे, पण सैल असलेले घट्ट कसे होणार? सैल ग्लोव्हजला तळव्यावर सुरकुत्या पडतात आणि त्या सुरकुतीनेच फोड येतो. मी घरून शिंप्याचा टेप आणला होता. अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी जिथे हात सगळ्यात रुंद असतो तिथे गोल माप घ्यायचं. माझं सतरा सेंटीमीटर भरलं. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, एकीचा स्मॉल म्हणजे दुसरीचा मीडियम, म्हणून अक्षरावर विश्वास ठेवू नका, सेंटीमीटरवर ठेवा.

मग ग्लोव्हज घालून हात सरळ पसरून आरशात बघायचं नाही. दुकानातल्याच एखाद्या सायकलचं हँडल धरायचं. (काका जरा कुरकुरले, पण धरू दिलं.) हँडल धरल्यावर तळव्यात चुण्या पडतात का, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खाचेत शिवण टोचते का, बोटांच्या मुळाशी काठ रुततो का, आणि दोन बोटं ब्रेकपर्यंत आरामात पोचतात का, एवढं बघायचं. पाच मिनिटं तसंच उभं राहा. दुकानात जे पाच मिनिटांत टोचतं ते घाटात तासभर टोचणार आहे.

बाकी गोष्टी पटापट सांगते. तळव्याला कृत्रिम चामडं असेल तर आपल्याकडच्या घामाला आणि पावसाला बरं. खरं चामडं मऊ असतं, पण भिजून वाळलं की पापडासारखं कडक होतं. पाठीला जाळी किंवा लायक्रा हवं, म्हणजे हवा खेळते. अंगठ्याच्या पाठीवर टॉवेलसारखं कापड असतं ते शोभेचं नाही, घाम पुसायला आहे (आणि थंडीत नाकसुद्धा, पण हे कुणी बोलत नाही). बोटांच्या मध्ये छोटे लूप असतील तर घामाने चिकटलेले ग्लोव्हज ओढून काढता येतात. नाहीतर मनगटाकडून सोलून काढावे लागतात आणि ते उलटे होतात.

माझं मन बसलं त्या जोडाची किंमत होती साडेसातशे रुपये. फुटपाथवर असेच दिसणारे दीडशेला मिळतात. म्हणून घेण्याआधी आजोबांना दाखवावे असं ठरवलं. काकांनी "न वापरता परत आणा" या बोलीवर दिले.

आमचे आजोबा तीस वर्षं सायकलने खडकीला कारखान्यात जायचे. त्यांच्या तळहातावर अजून घट्टे आहेत. ग्लोव्हज बघून ते हसलेच. "काय गं, आता हातालाही बूट? आम्हाला घट्टे पडले की संपलं. तेच आमचे ग्लोव्हज."

मी वाद घालायच्या तयारीत होते, पण तेवढ्यात जिन्याखालच्या त्यांच्या काळ्या सायकलकडे लक्ष गेलं. तिचं हँडल उंच आणि मागे वळलेलं, सीट रुंद, खाली मोठ्या स्प्रिंगा. त्या सायकलवर माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसतो. सगळं वजन सीटवर, हात नुसते टेकलेले. माझी हायब्रिड मला पुढे वाकवते, म्हणून वजनाचा मोठा वाटा तळहातांवर येतो. म्हणजे आजोबांना ग्लोव्हज लागले नाहीत हे खरं आणि मला लागतात हेही खरं. "आमच्या वेळी नव्हतं" याचं उत्तर भांडण नसून फ्री बॉडी डायग्राम असू शकतं, हे मला तेव्हा कळलं! कागदावर दोन्ही सायकली काढून, बाण दाखवून त्यांना समजावलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आण इकडे."

आजोबा कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. त्यांनी एक ग्लोव्ह उलटा केला. मला हे सुचलंच नव्हतं. आतली शिवण बोटाने चाचपली, धाग्याचे शेंडे मोकळे आहेत का पाहिलं, अंगठ्याच्या खाचेत दुहेरी टीप आहे का पाहिलं आणि दोन्ही हातांनी शिवण ताणली. टाक्यांमधून उजेड दिसला तर माल नापास, हा त्यांचा नियम. मग वेल्क्रो वीसेक वेळा लावला, काढला. शेवटी गादी बाहेरून चिकटवलेली आहे की आत शिवून बंद केली आहे ते बघितलं. "चिकटवलेली असती तर पहिल्या पावसात सुटली असती. हे ठीक आहे. ठेव." नातीच्या नखऱ्यांना मिळालेलं आयएसआय मार्कच म्हणा ना!

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळं काम ग्लोव्हजनी केलं नाही. ताईंनी सीटही तपासायला लावली होती. सीटचं नाक खाली झुकलेलं असलं की माणूस पुढे घसरतो आणि हातांवर भार वाढतो. ती सरळ केली. कोपरं थोडी वाकवून ठेवायची, मनगट मागे मोडायचं नाही, दर थोड्या वेळाने पकड बदलायची, टायरमध्ये गरजेपेक्षा जास्त हवा भरायची नाही. हे सगळं फुकट आहे. आणि एवढं करूनही बधिरपणा उतरत नसेल, किंवा सायकल नसतानाही बोटांतला जोर गेल्यासारखा वाटत असेल, तर दुकानात नाही, डॉक्टरकडे जायचं. नसेचं दुखणं अंगावर काढू नये.

ग्लोव्हज टिकवायचे तर धुणंही नीट हवं. वेल्क्रो आधी बंद करायचा, नाहीतर तो स्वतःच्याच लायक्राचे धागे ओढतो. साध्या साबणाने हाताने धुवायचे, पिळायचे नाहीत, सावलीत वाळवायचे. हॉस्टेलमध्ये खिडकीवर वाळत घातलेले माझे ग्लोव्हज पाहून रूममेटने विचारलं होतं, "हे कोणत्या प्राण्याचे पाय?"

मराठीत एखादी गोष्ट फार जपायची असली की ती 'तळहातावरच्या फोडासारखी' जपतात. म्हणजे फोड जपायचा हे आपल्याला माहीत आहे, तळहात जपायचा हे मात्र फोड आल्यावरच आठवतं! माझं पुढचं लक्ष्य दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे आहे. ती साडेतेरा तासांत पुरी करावी लागते. एवढा वेळ माझे हात हँडलवर असणार, आणि सोमवारी तेच हात मला लॅबमध्ये हवे आहेत.

कुणाला रविवारी यायचं असेल तर पहाटे साडेपाचला कॉलेजच्या गेटपाशी या. हातात काय घालायचं ते कळलंच असेल. रंग कोणताही चालेल.