‘ओळख पाहू, मी कोण?’

वाचकहो, आपल्या घरात विसरू लागलेले कुणी वडीलधारे माणूस असेल, तर हा प्रश्न आपणही त्यांना विचारला असेल. मी तो आईला दोन वर्षे, जवळजवळ रोज विचारत होतो. तिला उत्तर सापडत नसे. ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत राही. त्या प्रश्नातले क्रौर्य मला उमगले ते एका भौतिकशास्त्रज्ञाच्या गणितामुळे.

जॉन हॉपफील्ड यांनी १९८२ साली स्मृतीचे एक संगणकीय प्रारूप मांडले. २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना जेफ्री हिंटन यांच्यासमवेत मिळाले. आठवण म्हणजे कपाटात क्रमांक घालून ठेवलेली वही, अशी आपली समजूत असते. या प्रारूपात कपाटच नाही. एकत्र उद्दीपित होणाऱ्या पेशींमधील दुवे बळकट होतात, हा डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडलेला विचार. त्यानुसार प्रत्येक आठवण सगळ्या दुव्यांत थोडीथोडी विखुरलेली राहते. डोंगराळ मुलुखातील दऱ्या डोळ्यांपुढे आणा. पाऊस उतारावर कोठेही पडो, पाणी खालच्या दरीत पोचते. तसाच आठवणीचा एखादा तुकडा हाती लागला, की पेशींचे जाळे उरलेले चित्र स्वतःच पुरे करते. ‘मी कोण?’ या प्रश्नात तो तुकडाच नसतो.

शिवाय, शंभर पेशींच्या अशा जाळ्यात सुमारे पंधराच आठवणी नीट टिकतात. अधिक भरल्या, किंवा त्या फार सारख्या असल्या, तर दऱ्या एकमेकींत मिसळतात. आई मला मामाच्या नावाने हाक मारी आणि मला राग येई. आम्हा दोघांचा आवाज सारखा आहे, हे तेव्हा ध्यानातच आले नाही.

खरा मेंदू या गणिताहून कितीतरी गुंतागुंतीचा आहे, आणि आजारात दुवेच झिजत जातात. तेव्हा हा उपचार नव्हे. (स्मरणशक्ती परत आणून देऊ म्हणणाऱ्यांवर माझा मुळीच विश्वास नाही.) मी फक्त परीक्षा घेणे थांबवले. आता खोलीत शिरतानाच सांगतो, “आई, मी तुझा धाकटा. कोकमाचं सार केलंय, तू करायचीस तसं.” वाटी तिच्या नाकाजवळ नेतो. पुष्कळदा काहीच घडत नाही. गेल्या मंगळवारी मात्र तिने घोट घेतला आणि म्हणाली, “मीठ कमी पडलंय रे. तुझ्या वडिलांनी वाटी बाजूला सारली असती.”

मी मीठ घालून आणले.